मॅडमचा पाय

मी एका मेंढीला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. दिलं आणि हात धुऊन घरी जेवायला गेलो.

मेंढी माझी नव्हती, बाईंची होती. बाई म्हणजे शरणपूर रोडला बंगल्याच्या पुढच्या तीन खोल्यांत पॅथॉलॉजीची लॅब चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरीण बाई. बंगल्याच्या मागच्या अंगाला, चिक्कूच्या झाडाखाली, पत्र्याच्या आडोशात ही मेंढी असायची. नांदगावकडच्या एका ओळखीच्या माणसानं ती आणून दिली होती. तिचा रुबाब असा, की हाक मारली तर आधी तोंडातलं संपवणार, मग मान वळवून आपल्याकडे बघणार आणि परत खायला लागणार. म्हणून मी तिला मॅडम म्हणायला लागलो, आणि पुढे बाईसुद्धा तेच म्हणू लागल्या. लॅबमध्ये कामाला आम्ही तिघंच: बाई, मी आणि मॅडम. मान कुणाला जास्त होता ते सांगायला नको. मॅडमला हिरवा घास वेळेवर मिळायचा. मला चहा मिळायचा, तोही मीच केलेला.

लॅबमध्ये मेंढी कशाला, हे त्या वेळी माझ्या आईनंही विचारलं होतं. सांगतो. घशातले जंतू ओळखायचे तर त्यांना आधी वाढवावं लागतं, आणि ज्या जंतूंना आम्ही शोधत असू, त्यांना खायला रक्त लागतं. शेवाळापासून केलेली एक पूड असते, अगार म्हणतात तिला. ती पाण्यात उकळून निववली की खरवसासारखी थिजते. थिजायच्या आत तिच्यात मेंढीचं रक्त मिसळायचं आणि काचेच्या चपट्या झाकणाच्या बश्यांत ओतायचं. लालभडक, चकचकीत, बघत राहावं अशी प्लेट तयार होते. आता या प्लेट कंपनीतून प्लास्टिकच्या पाकिटात येतात. त्यांच्यावर मुदतीची तारीखसुद्धा छापलेली असते. परवा एका लॅबमध्ये माझी साखर तपासायला गेलो, तेव्हा तिथल्या मुलीला विचारलं, बाळ, तुमची मेंढी कुठे बांधता? तिनं माझ्याकडे आणि मग माझ्या साखरेच्या रिपोर्टकडे बघितलं.

दर सोमवारी सकाळी मॅडमच्या मानेतल्या शिरेतून थोडं रक्त काढायचं. ते ज्या बाटलीत घ्यायचं तिच्यात काचेचे मणी असायचे. रक्त पडलं की बाटली हलवायची, सारखी हलवायची, म्हणजे रक्तातले गोठणारे धागे मण्यांना चिकटून बसतात आणि रक्त पातळ राहतं. दहा मिनिटं ते मणी काचेवर वाजत राहायचे. आमच्या घरी नाशिकरोडला सकाळ व्हायची ती मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळण्याच्या आवाजानं आणि आईच्या भाकरी थापण्यानं. लॅबमधली सकाळ व्हायची या मण्यांच्या आवाजानं. हे आवाज ऐकून पन्नासेक वर्षं झाली असतील, पण अजून कुणी काचेच्या बरणीतले फुटाणे हलवले की माझा उजवा हात आपोआप हलायला लागतो.

लॅबमध्ये लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मी अगार निवायची वाट न बघता उकळत्यातच रक्त ओतलं होतं. सगळ्या प्लेट तपकिरी झाल्या. बाईंनी एक उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, हिला चॉकलेट म्हणतात, तीही कामाला येते, पण आज कुणी मागितली नव्हती. त्या दिवसापासून मी बाटली गालाला लावून बघायचो. गालाला सोसली तरच रक्त घालायचं. माझ्या डाव्या गालावर तेव्हा कायम एक लाल पट्टा असायचा, आणि आमच्या कॉलनीत मला कुणीतरी रोज थोबाडीत मारतं असा समज झाला होता.

प्लेट वाचायला बाईंनी शिकवलं, ते पूर्वेच्या खिडकीत उभं करून. घशातून फिरवलेला कापसाचा बोळा प्लेटवर ओढायचा, रात्रभर उबेच्या कपाटात ठेवायची, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी उन्हासमोर धरायची. मी ते जेवायला आलेल्या पाहुण्यांसारखं लक्षात ठेवलं. काही जंतू ताटाला हातच लावत नाहीत; त्यांचे ठिपके उगवतात, पण भोवतीचं रक्त आहे तसंच. त्यांना गॅमा म्हणायचं. काही अर्धवट खाऊन ताट बरबटून ठेवतात. ठिपक्याभोवती हिरवट, मळकट कडं दिसतं. ते आल्फा. आपल्या सगळ्यांच्या घशात ते राहतात, त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. आणि तिसरे ताट असं चाटूनपुसून ठेवतात की पलीकडचं दिसावं. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, आणि त्याच्याभोवती रक्त पार विरघळून काचेसारखी स्वच्छ खिडकी. ते बीटा. "बीटा सापडला की हसायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तो आज घशात असतो. दुर्लक्ष केलं तर आधी सांधे धरतो आणि मग हृदय."

आणि एक नियम होता. प्लेटची नवी खेप केली की तिच्यातल्या एका प्लेटवर बाईंनी जपून ठेवलेला, ओळखीचा बीटा ओढायचा. त्याला कंट्रोल म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ खिडक्या दिसल्या तर खेप चांगली. रजिस्टरमध्ये 'बरोबर' लिहायचं, मगच ती खेप पेशंटसाठी वापरायची. सात महिने मी दर मंगळवारी 'बरोबर' लिहीत होतो. सात महिने ते बरोबरच होतं.

तर मॅडम लंगडायला लागली. आडोशाचा पत्रा सुटला होता, त्यानं खुराच्या वर कापलं असावं. पाय सुजला, पू दिसायला लागला. बाई पुण्याला भाचीच्या लग्नाला गेलेल्या. रविवारी संध्याकाळी मी चारा टाकायला गेलो तर मॅडम उठेचना. मी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला, तिनं ओढून नाही घेतला. माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तोंडातलं न संपवता बघितलं. मला एकदम भरून आलं. त्या वयात मला लवकर भरून यायचं, विशेषतः कुणी आपल्यावर विसंबून आहे असं वाटलं की. कपाटात पेनिसिलिनच्या कुप्या होत्या. चार लाख युनिटचं एक इंजेक्शन केलं आणि तिच्या मांडीत दिलं. मॅडम हूं की चूं बोलली नाही. सोमवारी सकाळी ती उभी होती. मी तिचं कौतुक केलं, स्वतःचं जरा जास्त केलं, आणि नेहमीप्रमाणे तिच्या मानेतून रक्त काढून चाळीस प्लेट ओतल्या. कंट्रोलही ओढला, कपाटात अगदी मागे ठेवला. मंगळवारी सकाळी गर्दी होती. मी रजिस्टर उघडलं, 'बरोबर' लिहिलं आणि खेप वापरायला काढली. ती मागची प्लेट बाहेर काढून बघायची राहिली. राहिली म्हणणं हासुद्धा सभ्यपणाच झाला. मला ती बघायची गरजच वाटली नाही.

त्या मंगळवारच्या आधी चार दिवसांपासून घरी नंदाची तब्येत बिघडलेली होती. नंदा माझी धाकटी बहीण, तेव्हा बारा वर्षांची. तिचा घसा वर्षातून तीन-चारदा धरायचा, ते आम्हाला सवयीचं होतं. पण या वेळी घसा उतरल्यासारखा वाटला आणि डावा गुडघा सुजला. दोन दिवसांनी डावा बरा, उजवा सुजलेला. आमच्या कॉलनीतले डॉक्टर जुने, सावध. त्यांनी मंगळवारी संध्याकाळी नानांना, म्हणजे आमच्या वडलांना, बाजूला घेऊन सांगितलं की मला हृदयाची शंका येते. पण तसं असलं तर पोरीला वर्षानुवर्षं इंजेक्शनं घ्यावी लागतील, म्हणून आधी घसा तपासून घ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुझ्या बाईंच्या लॅबचा रिपोर्ट मला चालेल.

माझी छाती किती फुगली असेल ते विचारू नका. नाना नगरपालिकेत कारकून, घरात पेशंट न होता दवाखान्याची पायरी चढलेला मी पहिला. आईनं स्वयंपाकघरातला बल्ब काढून बाहेर लावला. मी नंदाला खुर्चीत बसवली, चमच्यानं जीभ दाबली आणि बोळा घशात फिरवला. तिनं माझ्या शर्टावर दुपारची सगळी भाकरी आणि सुकटीची चटणी परत दिली. मी तसाच सायकल मारत लॅबमध्ये गेलो, वाटेत द्वारका चौकापर्यंत माणसं माझ्यापासून लांब चालत होती.

बुधवारी प्लेट बघितली, गुरुवारी परत बघितली. बीटा नाही. दोन-चार पांढरे ठिपके, बाकी प्लेट लाल, गुळगुळीत. मी रिपोर्ट लिहिला, पुण्याहून परत आलेल्या बाईंनी माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवून सही केली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मान हलवली, वाढीचं दुखणं असेल म्हणाले, दुखायच्या गोळ्या दिल्या. नानांनी संध्याकाळी भेळ आणली.

फक्त नंदा ऐकेना. गुडघा धरून कण्हायची, रात्री उठायला लागलं तर आई उचलून न्यायची. शाळेत चाचणी परीक्षा होती, आणि माझ्या डोक्यात बसलं की पोरगी ढोंग करते. मी काय केलं असेल? प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. बाईंना कळतं तर त्यांनी मला त्याच कागदात गुंडाळला असता. बल्बसमोर धरून मी नंदाला तिचा घसा दाखवला. बघ, म्हटलं, कुठे काय आहे? काही नाही. प्लेट खोटं बोलत नाही. नंदा प्लेटकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आई मसाला कुटत होती. तिनं मुसळ थांबवलं आणि म्हणाली, "ती घाण आधी घराबाहेर ने. आणि तिला रडू दे, तुझ्या बापाचं काय जातंय."

शनिवारी सकाळी बाई खिडकीत उभ्या राहून आठवड्याच्या प्लेट बघत होत्या. म्हणाल्या, "या आठवड्यात नाशिकच्या घशांना झालंय काय? एकही बीटा नाही. आल्फासुद्धा विरळ." मग विचारलं, "कंट्रोल?" मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी 'बरोबर' वाचलं, मान डोलावली आणि आत चहाला गेल्या.

मी इन्क्युबेटर उघडला. अगदी मागे, सोमवारी ठेवली होती तशीच, कंट्रोलची प्लेट. काढून उन्हासमोर धरली. ज्या बीटाला बाई घरचा म्हणायच्या, जो गेली काही वर्षं कुठल्याही प्लेटवर उगवत आला होता, तो उगवलाच नव्हता. प्लेट लाल आणि कोरी. नंदाच्या प्लेटपेक्षाही कोरी. मग मागच्या दारातून मॅडम दिसली. चारी पायांवर ठणठणीत उभी, रवंथ करत.

आता खरं सांगतो, पहिला विचार कबुलीचा नव्हता आला. पहिला विचार आला की गुपचूप नंदाचाच घसा परत तपासावा. पण कशावर? रक्त मॅडमचं. औषध तिच्या अंगात किती दिवस राहतं, मला माहीत नव्हतं, आणि नाशिकमध्ये हे विचारण्याजोगं मला एकच माणूस ठाऊक होतं. शिवाय त्या आठवड्यातले घसे एकट्या नंदाचे नव्हते, सतरा होते. तरी मी पाच-दहा मिनिटं तिथे उभा राहिलो. नोकरी जाणार होती. नानांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा जंतू ओळखतो. त्या दहा मिनिटांत काय काय डोक्यात आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मग नंदा उठताना पलंगाची कड कशी धरते ते डोळ्यापुढे आलं, आणि मी प्लेट घेऊन आत गेलो.

बाई बशीत पाव बुडवत होत्या. मी बोललो ते सगळं एका दमात. त्यांनी पाव ठेवला.

"किती दिलंस?"

"चार लाख."

"कधी?"

"रविवारी संध्याकाळी."

"आणि सोमवारी सकाळी रक्त काढलंस." हा प्रश्न नव्हता. प्लेट हातात घेऊन त्यांनी खिडकीकडे धरली. म्हणाल्या, हा बीटा दिसतो दांडगा, पण पेनिसिलिनच्या वासानंसुद्धा मरतो. रक्त अगारमध्ये वीसपट पातळ झालं तरी त्याला ते पुरलं. मग प्लेट खाली ठेवली. "मेंढीला टोचलंस तो वेडेपणा. तुझ्या वयात मीही केला असता. तो मी विसरेन. न बघता 'बरोबर' लिहिलंस, ते नाही विसरणार."

मी नोकरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, ते नंतर बघू, आधी मेंढी शोध.

मेंढी शोधायची म्हणजे जिला कुणी औषध दिलेलं नाही अशी. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांच्या बागांलगतच्या मोकळ्या रानात धनगर मेंढ्या बसवतात, लेंड्यांच्या खतासाठी. रविवारी बाई आणि मी एसटीनं तिथे गेलो, पिशवीत सुया आणि मण्यांची बाटली. कळपाचे म्हातारे धनगर आमचं ऐकून घेईपर्यंत हसत होते. बाईंनी त्यांना तीन-तीनदा विचारलं, या मेंढीला महिन्यात सुई टोचली का. ते शेवटी वैतागून म्हणाले, "बाई, हितं माणसाला सुई मिळत नाय, मेंढराला कोण टोचतंय?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

रक्त घेतलं, बाटली हलवायला लागलो. दहा मिनिटं झाली, बाई म्हणाल्या पुरे. मी थांबलो नाही. या वेळी काही चुकायचं नाही, असा मी चंग बांधलेला. एसटीत खिडकीशी बसून पिंपळगाव ते नाशिक मी ती लाल बाटली हलवत आलो. ओझरला एक बाई मुलाला घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. कंडक्टर तिकिटं देताना दोनदा थांबला, पण विचारायची हिंमत त्याला झाली नाही.

सोमवारी सकाळी नव्या खेपेचा कंट्रोल स्वतः बघून बाईंनी सतरा पत्त्यांची यादी माझ्या हातात दिली. परत बोळा घ्यायचा, आणि प्रत्येक दारात स्वतःच्या तोंडानं सांगायचं की चूक लॅबची नाही, माझी. मी सायकलवर पंचवटीपासून देवळालीपर्यंत फिरलो. कुणी हसलं, कुणी पाणी दिलं, एका गृहस्थांनी दार लावून घेतलं आणि मग परत उघडलं. सतरावा पत्ता आमचा होता. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि तेवढ्यासाठी मी आजही मला माफ केलेलं नाही. पहिला ठेवायला हवा होता.

नाना ओट्यावर बसून चपला शिवत होते. मी सांगितलं. त्यांनी दाभण खाली ठेवलं, आत जाऊन बल्ब काढून आणला आणि स्वतः लावला. नंदानं मुकाट्यानं तोंड उघडलं. या वेळी ती ओकली नाही. ओकली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी बाईंनी आधी कंट्रोल परत बघितला. खिडक्याच खिडक्या. मग नंदाची प्लेट माझ्या हातात दिली, वाच म्हणाल्या. मी उन्हासमोर धरली. बारीक ठिपके, आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ गोल. त्यांतून पलीकडचं चिक्कूचं झाड दिसत होतं, झाडाखाली मॅडमसुद्धा. नेमका हाच बीटा ज्यानं मरतो त्या औषधाची एक चकती बाईंनी ओळख पटवायला प्लेटवर ठेवली होती; तेवढ्या चकतीभोवती काहीच उगवलं नव्हतं, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. मला वाचता येत होतं. मी रजिस्टर ओढून 'बीटा' लिहिलं. सतरांतल्या आणखी तिघांच्या प्लेट तशाच निघाल्या.

नंदाची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एक, तिचं लग्न होईपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं. तिच्या हृदयात एक बारीक आवाज राहून गेला. डॉक्टर म्हणायचे, दुखणं आठवडाभर आधी धरलं असतं तरी तो कदाचित राहिलाच असता. कदाचित. या एका शब्दावर मी आजवर चाललो आहे. माझी नोकरी राहिली. पुढे तीस वर्षं मी कंट्रोलची प्लेट दोनदा बघायचो, आणि माझ्या हाताखालची मुलं मला मागून काय म्हणायची तेही मला माहीत आहे.

नंदा आता निवृत्त शिक्षिका आहे, माझ्यापेक्षा भरभर जिने चढते. हे प्रकरण लिहून झालं तसं मी तिच्याकडे नेलं आणि वाचून दाखवलं. ती मेथी निवडत ऐकत होती. धनगराच्या वाक्याला हसली, एसटीतल्या बाईंना हसली. माझी कबुली, सतरा दारं, सगळं ऐकलं. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. संपलं तेव्हा तिनं देठं गोळा करून कागदात बांधली.

"दादा, मेंढी नुसती लंगडली तर तू तिचा पाय मांडीवर घेतलास," ती म्हणाली. "मी रडत होते, तर मला प्लेट दाखवलीस."